कोकोचा दाणा कोणी चावायचा

माझे पूर्ण नाव सुखदेव दौलत अहिरे. वय शहात्तर, मुक्काम धुळे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात. जिनिंग मिलमध्ये फिटर होतो, तरी लिहिताना भाषा शुद्ध असावी असा माझा आग्रह आहे. घरचे लोक त्यावर हसतात. हसोत.

घरात चॉकलेट तयार होऊ लागले आणि किश्शांची गत कोकोच्या टरफलांसारखी झाली. दाणे सुपात पाखडताना टरफले उडतात. कितीही केर काढला तरी ती कपाटाखाली, उशीच्या अभ्र्यात, माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडतच राहतात. त्यांतील काही किस्से येथे मांडतो.

उद्योग माझी सून मनीषा हिचा. केरळातून कच्चे दाणे मागवायचे, भाजायचे, पाखडायचे आणि टेबलावर मावणाऱ्या दगडी ग्राइंडरमध्ये साखर घालून वाटत ठेवायचे. यात भाजणे सर्वांत अवघड. दाणा कच्चा राहिला तर तुरट लागतो, थोडा पुढे गेला तर राख. ते काम माझी पत्नी सिंधू हिचे. ती कढईतला एक दाणा उचलून चावी आणि म्हणे, "आते उतार," म्हणजे आता उतरव. मनीषा तत्क्षणी गॅस बंद करी.

*

सिंधू सोनगीरची. लग्नाला पन्नासावर वर्षे होऊनही ती घरात अहिराणीच बोले. पहिले दाणे आले तेव्हा तिने मूठभर हातात घेऊन पाहिले.

"भुईमुंगना दानासारखंच शे. यामा काय शिकनं?"

तिने आपली लोखंडी कढई काढली आणि दाणे उत्तम भाजले. चॉकलेटला तकाकीही सुरेख आली. पहिली वडी शेजारच्या आशाताईंना दिली. त्यांनी ती बराच वेळ चघळली आणि अत्यंत आदराने विचारले, "काकू, थोडी भाकरी मिळेल का?"

त्या कढईत सिंधू वर्षानुवर्षे काळा मसाला भाजत आली होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

*

दुसरी चूक माझी. ग्राइंडर जड चालत होता. यंत्राचा आवाज मला कळतो, असा माझा समज होता. चटणी वाटताना घालतात तसे मी वाटीभर पाणी घातले. पाहता पाहता आतले चॉकलेट घट्ट झाले, त्याची ढेकळे बनली आणि दगड जागीच अडकले.

"आबा, चॉकलेटला पाण्याचा थेंबही चालत नाही," मनीषा रडवेली होऊन म्हणाली.

मी म्हणालो, "यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख नाही."

दारातून सिंधू म्हणाली, "आते मशीनलेच पुस्तक वाचाले बसाडा."

*

पारोळ्याच्या एका लग्नाची ऑर्डर आली. वैशाख महिना. वड्या बर्फाच्या पेटीतून दिल्या, पण नेणाऱ्यांना गाडीत जागा कमी पडली आणि त्यांनी पेटी टपावर बांधली. दुपारी यजमानांचा फोन आला.

"ताई, तुमचं ते कालवण फारच चांगलं होतं. पुरीसोबत लोकांनी वाढून वाढून घेतलं. अजून आहे का?"

मनीषा डोक्याला हात लावून बसली. सिंधू इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका थांबला नाही.

*

जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. उपचारांसाठी जळगावला गेलो. रेडिएशनचे डॉक्टर वयाने तरुण होते. त्यांनी नीट समजावून सांगितले, "आजी, तोंडाची चव जाईल. बहुतेकांची काही महिन्यांनी येते. काहींची येत नाही."

सिंधू म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाकी जे घेनं ते घ्या. चव ऱ्हाऊ द्या. ती माले कामले लागस."

डॉक्टर पुष्कळ वेळ कागद चाळत राहिले.

*

घरी आल्यावर ती सवयीने कढईजवळ बसली. दाणा चावला. पुन्हा एक चावला. मग म्हणाली, "आते उतार."

मनीषाने गॅस बंद केला. खोलीत धूर होता. दाणे जळून कोळसा झाले होते, आणि ते आम्हा दोघांना मघापासून दिसत होते.

दुपारी मनीषा ते दाणे परसातल्या केळीच्या बुंध्याशी टाकताना सिंधूने पाहिले.

"पोरी, माले सांगती तरी."

त्यानंतर ती कढईकडे फिरकली नाही. मनीषाने पुष्कळ आग्रह केला. तिचे उत्तर एकच, "चव येऊ दे, मंग येसू."

*

मग जो येई तो तिची परीक्षा घेई. तिची धाकटी बहीण पाचोऱ्याहून कैरीचे लोणचे घेऊन आली. कोणी चिंच आणली, कोणी लिंबू. आशाताईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा आणला. सिंधूने तो बोटावर घेऊन चाटला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आशाताई आनंदाने म्हणाल्या, "लागली ना चव?"

"झोंबनं," सिंधू म्हणाली. "झोंबनं म्हणजे चव नही, आशा."

आशाताईंनी वाटी पदराखाली घेतली आणि त्या घरी गेल्या.

*

हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मनीषाने शाळेतल्या मुलांसाठी दूध पावडर आणि भरपूर साखर घालून चॉकलेट केले होते. त्यातील नखाएवढा तुकडा तिने सिंधूच्या जिभेवर ठेवला. सिंधूने डोळे मिटले. तुकडा विरघळायला बराच वेळ लागला.

"कडू शे," ती म्हणाली.

मग डोळे उघडून, उठून बसण्याचा प्रयत्न करीत म्हणाली, "पोरी, कडू लागनं माले. चव वापस उनी. सकायले दाना काढ, मी भाजसू."

मनीषाने माझ्याकडे पाहिले. उरलेली वडी तिच्या हातात होती. मी ती घेतली आणि तोंडात टाकली. गोडमिट्ट होती.

सिंधू माझ्याकडे पाहत होती. "तुम्हीच सांगा. कडू शे ना?"

"कडू आहे," मी म्हणालो.

सिंधू त्याच आठवड्यात गेली. मनीषा आता थर्मामीटर लावून दाणे भाजते.