खंडेरावांची हिरवळ

खंडेरावांच्या हिरवळीकडे पाहिलं की माझं डोकं उठायचं. कबूल करतो, हेवाच तो. आमची अंगणं सारखीच, मधे गुडघाभर भिंत, गवतही एकाच नर्सरीतून आणलेलं. पण आमच्याकडे आलेला पाहुणा चहा आमचा प्यायचा आणि बघत बसायचा त्यांच्याकडे.

खंडेराव ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. बायको गेल्यापासून घरात एकटेच. गवत कापायचं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्यावर कुरघोडी करायची म्हणून मी पेट्रोलचं आणलं. ते मात्र देवळाली कॅम्पात गेले. तिथे लष्करातल्या एका साहेबांची बदली झाली होती, घरचं सामान विकायला काढलं होतं. त्यातलं हाताने ढकलायचं जुनं मशीन त्यांनी उचललं, माझ्या मशीनच्या पाव किमतीत.

"एवढ्याशा अंगणाला इंजिन कशाला, भाऊसाहेब?" ते म्हणाले. "फिरती पाती अन् खाली एक पट्टी. निगा ठेवली की लय झालं."

आणि निगा ठेवायचेही अशी, की बघून माझा जळफळाट व्हायचा. गवत कापून झालं की ब्रशने पाती झाडायची, कोरडी पुसायची, तेलाचा हात फिरवायचा. मग पाती आणि पट्टी यांच्यामधे वर्तमानपत्राचा कागद धरून चाक फिरवायचं. कागद कात्रीने कापल्यासारखा कापला गेला, तरच मशीन जिन्याखाली जायचं. माझं पेट्रोलचं धूड पावसाळ्यानंतर चालूच होईना. "त्यांच्याकडून शिका काहीतरी," आमची ही म्हणाली. ते मला फार झोंबलं.

दिवाळीनंतर खंडेराव लग्नासाठी चार दिवस गावी गेले. हिरवळीला पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं. मी पाणी घातलं. मग जिन्याखालचं मशीन ओढलं आणि पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. कागद धरून पाहिला, तो नुसता दुमडला. इतकं बरं वाटलं मला, की लाज वाटायची राहूनच गेली.

आल्या आल्या त्यांनी नेहमीसारखं मशीन फिरवलं. गवत कापलं गेलं नाही, चुरगळलं. दोन दिवसांत शेंडे पिवळे पडले. त्यांनी कागद धरला, स्क्रू चाचपला. त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी भांडायला तयार होतो. तसं काहीच झालं नाही.

"जाताना मी बघून ठेवलं होतं," ते म्हणाले. "का बघितलंच नव्हतं? तीस वर्षांत माझ्या हातचं काम कधी परत आलं नाय, भाऊसाहेब. आता माझाच मला भरवसा नाय. हे तुम्हीच वापरा."

त्यांनी मशीन भिंतीवरून माझ्या हातात दिलं. मी घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण 'आभारी आहे' एवढंच निघालं.

आता पाहुणे आमच्या हिरवळीचं कौतुक करतात. काल दुपारी खंडेराव दळण आणायला निघाले होते. दाराला कुलूप लावून पुन्हा मागे फिरले आणि मला हाक मारली.

"भाऊसाहेब, नीट लागलंय का हो? बघा जरा."

मी जाऊन कुलूप ओढून पाहिलं. ते पक्कं लागलं होतं.