कानिफ मिस्त्रीच्या गाडीची जाळी

नागापूरच्या कारखान्यांकडं वळायच्या रस्त्याला कानिफनाथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रा आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. पण त्या पत्र्याखाली उभी असायची तसली गाडी अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडली नसती. दोनच माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची विलायती गाडी. भिंगारच्या कॅम्पातला एक म्हातारा साहेब गाव सोडताना ती भंगारात घालायला निघाला होता. कानिफनं ती बैलांकरवी ओढत आणली आणि तीन वर्षं खपून उभी केली. लोक हसले. हसेनात का! हौसेला मोल नसतं.

पण खरं सांगायचं तर ही नुसती हौस नव्हती. खरी मेख होती तिसगावला, सासूपाशी.

कानिफची सासू गोजरबाई. लेकीच्या लग्नात भर मांडवात ती बोलून गेली होती, "दुसऱ्याच्या गाड्यांखाली लोळनारा मानूस ह्यो. माझ्या चांगुणीला सोताच्या गाडीत बसवून आनल, त्या दिशी ह्याला जावई म्हनीन." बाई शब्दाची पक्की. कानिफ दर दिवाळीला बायकोला घेऊन एसटीनं जायचा, सासूच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करून द्यायचा, सासू त्याला आग्रह करकरून पोळी वाढायची, वर तुपाची धार धरायची. पण हाक म्हणाल तर "ओ मिस्त्री" हीच. त्यात राग नव्हता हो. बोलल्याला जागत होती, एवढंच. आणि कानिफलाही तेच लागून राहिलं होतं.

एकाहत्तर साली गाडी तांबड्या रंगानं चमकायला लागली आणि तिकडं गोजरबाईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलं ते परत यायचं नाही आणि उरलंय तेही हळूहळू जाईल, असं नगरच्या डॉक्टरनं सांगितलं. म्हणजे सासूला गाडी दाखवायची तर डोळे आहेत तोवरच. येत्या दिवाळीलाच निघायचं कानिफनं ठरवलं.

आडवी आली ती चांगुणा. गाडीचा मूळचा सायलेन्सर कधीच सडून गळाला होता, आणि ती सुरू केली की पार सावेडीपर्यंत कुत्री भुंकायची. असला गलका करत, डोक्यावरचा पदर धरून ती माहेरच्या वेशीतून जाणार? छे! आधी हिचं तोंड गप करा मगच बसते, असं तिनं ठणकावलं. ती म्हणत होती ते कानिफलाही पटत होतंच.

मग सुरू झाला सायलेन्सरचा घोळ. नुसता नळकांड्यासारखा पाइप ठेवला तर गाडी वाऱ्यासारखी पळायची, पण बायको बसेना. ट्रकचा सायलेन्सर कापून बसवला तर आवाज मांजरीसारखा मऊ झाला, पण इंजिनाचा दम कोंडायला लागला. तिसगावच्या वाटेवरच्या करंजीच्या घाटात गाडी धापा टाकत बसली असती. इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक नळा बनवला. आत भोकांची नळी, तिच्याभोवती तारेची जाळी, आणि काजळी साफ करता यावी म्हणून जाळी एकाच बोल्टावर काढती-घालती ठेवलेली. चांगुणाला त्या बोल्टाचा भारी संशय. मी नसताना जाळी काढून गावभर बोंबलत फिरायला ठेवलाय, म्हणायची. तसा अगदीच खोटा नव्हता तिचा संशय.

या जाळीची भोकं मोठी, त्या जाळीची बारीक, असं करता करता दिवाळी गेली. चांगला माणूस, पण चिकित्सेपायी पार वेडा! निघाले ते संक्रांतीला. गाडी घाटातनं अशी गेली, की चांगुणा मध्येच हसली आणि पदर सोडून तिनं दोन्ही हातांनी दार धरलं. आवाज म्हणाल तर शिलाईच्या मशीनएवढा.

गोजरबाई ओट्यावर बसली होती. गाडी तिच्या पुढ्यात येऊन थांबली तरी तिनं मान वळवली नाही.

"आये, मी आले," चांगुणा म्हणाली.

"कवाच्या येष्टीनं गं?" म्हातारीनं विचारलं आणि हात पुढं करून तिनं लेकीचा चेहरा चाचपला.

म्हातारीचे डोळे दिवाळीनंतरच विझले होते. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून तिनं कळवू दिलं नव्हतं. तांबडा रंग, घासून लखलखीत केलेले दिवे, सगळं मुसळ केरात. आपल्या जाळीपायी उशीर झाला, या विचारानं कानिफला रडूच फुटायचं बाकी राहिलं. आम्ही गाडीतनं आलो, दारातच उभी आहे, असं चांगुणा परोपरीनं सांगत होती. म्हातारी नुसती मान डोलवत होती. आंधळ्या आईचं मन राखायला लेक खोटं बोलते आहे, असंच तिला वाटत असावं.

चांगुणा उठली. रांजणापाशी पडलेलं पोतं तिनं भिजवलं आणि कानिफच्या हातात दिलं.

"काढा तो बोल्ट."

"अगं, अख्खा गाव गोळा हुईल."

"हुंद्या गोळा."

त्यानं ओल्या पोत्यानं तापलेला नळा धरला, बोल्ट काढला, जाळी ओढून धुळीत टाकली आणि गाडी सुरू केली. देवा रे! कोंबड्या कौलावर गेल्या, गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं, शेजारपाजारच्या बायका पिठाच्या हातानं बाहेर आल्या. गोजरबाई दचकून उभी राहिली. लेकीनं तिला धरून पुढं नेलं, तिचा हात गाडीच्या नाकावर ठेवला. ऊन, थरथरणारा पत्रा म्हातारीनं पुढपासून दारापर्यंत चाचपला. मग आत हात घालून चांगुणा बसली होती ती गादी चाचपली. ती अजून ऊबदार होती.

कानिफनं गाडी बंद केली आणि तो खाली मान घालून उभा राहिला.

"दारात का हुभं?" गोजरबाई म्हणाली. "पानी घ्या, आन् आत या, जावईबापू."