दसऱ्याला राखलेली जागा

माझी आई, कांता, भिलाईच्या कॅम्प-1मधल्या बाजारात मिरची, लिंबं आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. बाजारात "धनिया लो, ताजा धनिया" म्हणून ओरडायची आणि घरी आली की त्याच जुडीचा सांभार व्हायचा. आता ती भिलाईतच मरोद्याला माझ्याजवळ राहते. दिवसभर टीव्ही बघते आणि मालिकेतल्या बायकांना भाजी निवडता येत नाही म्हणून चिडते. तिच्या हातांना तेव्हा येणारा तो हिरवा वास आता येत नाही. मला त्याची फार आठवण येते.

बाजारात तिच्या शेजारी सिंधुताई मुरमुरे, फुटाणे आणि लाखोळीची डाळ घेऊन बसायच्या. त्या भंडाऱ्याकडच्या कुणब्यांच्या, आम्ही जयभीमवाले. गावाकडे असतो तर दोघींच्या वस्त्या वेगळ्या असत्या आणि बोलणं झालं असतं तेही लांबूनच. इथे दोघींच्या पोत्यांमध्ये वीतभर फट नव्हती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की एक दुसरीच्या डब्यात हात घालायची आणि "किती खारट केलं व माय" असं म्हणत म्हणत डबा साफ करायची.

दरवर्षी दसऱ्याला आई दीक्षाभूमीला नागपूरला जायची. दिवाळीनंतर सिंधुताई मंडईच्या जत्रेसाठी माहेरच्या गावी जायच्या. जी मागे राहील तिने दुसरीची जागा राखायची. राखायची म्हणजे आपलं पोतं तिच्या जागेवर पसरायचं आणि कोणी विचारलं की बेधडक सांगायचं, "माहीच हाय." ही कांताची जागा आहे असं सांगून चालायचं नाही. तसं सांगितलं की समोरचा म्हणणार, ती आली की उठतो, आणि ठाण मांडून बसणार. मग उठवून दाखवा त्याला! सगळा बाजार असाच चालायचा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

एका वर्षी नेमका दसऱ्याच्या दिवसांत ठेलेवाल्यांचा, म्हणजे रस्त्यावर बसून विकणाऱ्या सगळ्यांचा, पालिकेचा सर्व्हे झाला. आई नागपुरात. सर्व्हेवाल्यांनी विचारलं, "ये जगह किसकी?" सिंधुताईंनी सवयीप्रमाणे दोन्ही पोत्यांवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मेरी." सर्व्हेवाल्यांनी फोटो काढला आणि ते निघून गेले. आई परत आली तेव्हा सिंधुताईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "साहेबलोक आले होते, तरी मी तुही जागा सोडली नाही." आईने त्यांना दीक्षाभूमीहून आणलेलं कॅलेंडर दिलं. विषय संपला.

तो संपला नव्हता, हे जागेची प्रमाणपत्रं वाटली गेली तेव्हा कळलं. दोन्ही जागा मिळून सिंधुताईंची एकच मोठी नोंद झाली होती आणि आईचं नाव कुठेच नव्हतं. आता तिला तिथून उठावं लागणार होतं.

मी त्या वेळी दुर्गला मोहन नगरात एका वकिलांकडे टायपिंग करत होते. त्यांनी सांगितलं, कायदा ठेलेवाल्यांच्या बाजूचा आहे. सर्व्हे पुरा होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही, आणि पालिकेच्या समितीत ठेलेवाल्यांचे स्वतःचे प्रतिनिधीही बसतात. कांताबाईंनी अर्ज करावा, फक्त जागा त्यांचीच होती हे शेजाऱ्याने सांगायला हवं. कायदा चांगलाच होता हो, पण त्याने सगळा भार टाकला तो सिंधुताईंवर. आईचा अर्ज मीच टाइप करून दिला.

सिंधुताईंचा मुलगा गौरव मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा. त्याने आपल्या आईला बजावलं, "आई, तू चूप राह. गलत जानकारी दी, ऐसा बोलेंगे, आपलंच कॅन्सल हो जाएगा." त्याचं काही चुकत नव्हतं, तेच तर मला जास्त लागलं. मी आईला म्हटलं, तू स्वतः सिंधुताईंशी बोल. ती भडकली. "मी कावून सांगू? तिले दिसून नाही राहिलं का?"

दोघी शेजारीच बसत होत्या, पण डबे आपापल्या मांडीवर ठेवून आणि तोंडं फिरवून. मी संध्याकाळी आईला घ्यायला जायचे तेव्हा रोज तेच दिसायचं. जागा जाणार याची भीती होतीच. पण इतक्या वर्षांचं नातं डोळ्यांदेखत चाललं होतं आणि दोघी हटून बसल्या होत्या.

सुनावणीला गौरव आला, सिंधुताई त्याच्यामागे. साहेबांनी विचारलं, "माताजी, सर्वे में पूरी जगह आपकी लिखी है. सही है?"

सिंधुताईंची हिंदी मोडकीच. "नहीं साहब, मैं झूठ बोली. वो जागा कांता की है. वो नागपूर गई थी, मैं राख के बैठी थी."

"तब तो आपका भी रद्द हो सकता है. समझती हैं?"

गौरवने त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. "समझती हूं. करना है तो करो. लेकिन उसका लिखो."

समितीत एक चहाठेलेवाला होता. तो म्हणाला, साहेब, आमच्या बाजारात सगळेच असं राखतात, माझीही माझ्या साडूने राखली आहे. लोक हसले. साहेबही थोडे हसले आणि म्हणाले, जागेवर माणूस पाठवून मोजून घेतो, दोघींची वेगवेगळी नोंद करू, कोणाचं काही रद्द होणार नाही.

मला वाटलं, आता आई सिंधुताईंच्या गळ्यात पडेल. आई तरातरा जिन्यापर्यंत गेली, वळली आणि त्यांच्यावर कडाडली.

"तुले कोनं सांगितलं होतं एवढं बोलाले? तुही जागा गेली असती तं?"

"गेली असती तं गेली असती," सिंधुताई म्हणाल्या. "तुही तं राहिली असती."

"आन मंग मी तिथं कोनापाशी बसली असती, ताई?"

एवढं बोलून आई जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली.