दिवस मावळायच्या आत व्हॅम्पायर

कोल्हापुरात भयपट बघणाऱ्यांचा आमचा एक कंपू आहे आणि त्यात मी सोडून कुणालाही भयपटातलं ओ की ठो कळत नाही. दर रविवारी दुपारी चारला आम्ही माझ्या एका शाळासोबत्याकडे जमतो. त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, वर मोकळी खोली आहे. सोबती जैन. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नाही, म्हणून बैठक त्याआधी उरकायची. व्हॅम्पायर उठायच्या वेळेला त्याचे भक्त चपला शोधत असतात. यावरून मंडळाची लायकी ओळखावी.

एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. ते सिनेमात किती मानांना दात लागले ते मोजतात आणि आकडा मोठा असला की सिनेमा थोर. गडहिंग्लजहून एसटीनं एक औषधदुकानवाली बाई येते. तिला देखणे, प्रेमात पडून मुसमुसणारे व्हॅम्पायर लागतात. असल्यांना रक्त कशाला, लिमलेटच्या गोळ्या द्याव्यात. आणि सोबत्याचा लाडका सिनेमा म्हणजे एक जुना हिंदी पिच्चर, ज्यात संवाद म्हणताना भुताचे रबरी दात हलतात.

त्या रविवारी सगळ्यांत भारी व्हॅम्पायरपट ठरवायचा होता. सोबत्यानं रबरी दातांचं नाव घेतलं आणि माझी सटकली.

"तुला भुतातलं काय कळतंय? तू ताटं वीक," मी म्हणालो.

मास्तर खाली बघू लागले. सोबती नुसता हसला. तो नेहमी हसतो, मला त्याचाही राग येतो.

मग मी माझा सिनेमा मांडला. शाळेच्या सुट्टीत याच खोलीत, पडदे लावून, भाड्याच्या व्हीसीआरवर आम्ही दोघांनी तो पाहिला होता. इंग्रजी, जुना, दोन कॅसेटींचा. सुरुवातीलाच धावपळ, मग व्हॅम्पायरच्या छातीत खुंटी ठोकतात. मधेच नटांची नावं येतात. मग तोच मेलेला शवपेटी घेऊन पाहुण्यासारखा गावात उतरतो. शेवटी एका पोरीच्या दाराची कडी हलते आणि काळोख. मेलेलं पाप पुन्हा दारात येतंच, हा त्याचा अर्थ मी गेली कित्येक वर्षं लोकांना समजावतोय. एका दिवाळी अंकात त्यावर लेखही लिहिला. मध्यावर नावं टाकायला छाती लागते, असं त्यात ठणकावून म्हटलं होतं.

औषधवाल्या बाईनं तेवढ्यात फोनवर तो सिनेमा शोधला. आधी नावं आली. मग पाहुणा पेटी घेऊन उतरला. तिनं सिनेमा पुढे सरकवला. खुंटी अगदी शेवटी होती.

"सर, ह्यो तर सरळच हाय की," ती मला म्हणाली.

मास्तरांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. माझे कान तापले. ज्या माणसांना मी काडीची किंमत देत नव्हतो, त्यांच्यापुढे माझी सगळी अक्कल उघडी पडायला आली होती.

"दोन प्रती निघालत्या त्याच्या," सोबती शांतपणे म्हणाला. "आम्ही बघितली ती येगळी हुती. मला चांगलं आठवतंय."

मास्तरांचं हसू विरलं. सगळे सोबत्यावर विश्वास ठेवतात, कारण तो खोटं बोलत नाही. बैठक मोडली. मी मात्र जिन्यात त्याला गाठलं.

"कुठली दुसरी प्रत?"

"न्हाय तसलं काय. दुसरी कॅसेट मीच चुकून आधी लावलती. परत द्यायला गेलो तवा कळलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू लई खूश हुतास की."

तेवढ्यानंही माझं भागलं नाही. लेख छापायच्या आधी सांगायला काय झालं होतं, मला इतकी वर्षं येडा बनवलंस, चारचौघांत माझ्यावर उपकार करायला तुला कुणी सांगितलं होतं, असं मी भांडत राहिलो. तो एका पायरीवर उभा राहून ऐकत होता. खालून त्याच्या बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली. तो "आलो" म्हणाला, पण मला मधेच तोडून गेला नाही.

तिसऱ्यांदा ती जिन्याशी आली आणि बाहेर बघून परत गेली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"आता ऱ्हाऊ दे," सोबती म्हणाला. "तसंबी आज खोटं बोललोय. उपास घडला ते बरंच झालं."

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. रविवार होता, घरी मटण होतं. मी पोटभर जेवलो.