वर बघायचं नाही

मिऱ्या बंदरावर मचवा हाकणाऱ्या खंडू तांडेलाची बकुळा मुंबईला जाऊन सिनेमात शिरली, तेव्हा वाडीने नाकं मुरडली. तीच पुढे विमान चालवायला शिकली, तेव्हा त्याच वाडीने तोंडात बोटं घातली. वाडीचं काय, तिला मुरडायला नाक आणि घालायला बोटं आयतीच असतात! बापाने मात्र लेकीशी बोलणंच टाकलं.

चौतीस साली दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं आणि खंडूचा मचवा परतला नाही. बकुळेला तार गेली. सिनेमा कंपनीच्या मालकाचे पाय धरून तिने त्याचं विमान मागून घेतलं आणि ओहोटीच्या घट्ट वाळूवर उतरवलं.

आई, आवडाबाई, धावत आली. "बाय माजे, बापूस तुज्याशी बोलत नाय, पन आता तूच त्याला हुडीक गो!"

बकुळा तशीच उडाली. खोल समुद्रात तिला मचवा दिसला. डोलकाठी मोडलेली, शीड आडवं पसरलेलं, माणूस एकही नाही. लाटा चाकांना लागतील इतकी ती खाली आली. "बाबा, बाबा" करून घसा फोडला, पण इंजिनाच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. किती घिरट्या घातल्या तरी शीड हललं नाही. पेट्रोल संपत आलं, तशी ती रडत परतली.

"मचवा रिकामा आहे," तिने सांगितलं. शोधायला निघालेल्या होड्या पुन्हा वर ओढल्या गेल्या. आवडाबाईने बांगड्या फोडल्या.

आणि मग खंडूचा खलाशी दत्ताराम फळीला धरून मालगुंडच्या किनाऱ्याला लागला. त्याला घरी आणलं. बकुळा उशाशी बसली.

"वरसून कायतरी गरजत आला," तो म्हणाला. "तांडेल बोलला, शिडाखाली शिरा, वर बघू नका. आमी सगले आडवे पडलो. आवाज गेला तवा जीव भांड्यात पडला. रातच्याला मचवा फुटला."

आभाळ गरजलं की शिडाखाली शिरायचं, वर बघायचं नाही, ही मिऱ्याच्या मासेमार खारव्यांची रीत. लहानपणी खंडूनेच बकुळेचं डोकं शिडाखाली दाबून तिला ती शिकवली होती. विमानात बसल्यावर तिला ती आठवली नाही. माणूस वर गेला की खालचं विसरतो, पण तिच्याइतकी जबर किंमत कुणी मोजली नसेल.

दत्तारामाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला तिची समजूत घालत होता.

"रडू नको, बाय. बापसाचा राग कवाच गेलावता. शिडाखाली हात जोडून बोलत व्हता, माजी बकुळा असल्याच आभालात फिरते, तिला सांभाळ रे देवा."