नालोंगो आणि माझी गोळी

नालोंगो तेओपिस्टा माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला मान्य आहे. फक्त ते इतरांनी म्हणू नये.

मी औषधशास्त्राचा डॉक्टर. सहा वर्षं खपून एक गर्भनिरोधक गोळी बसवली. संप्रेरक निम्मं, डोकेदुखी नाही, रक्तात गुठळ्या होण्याची भीती कमी. नालोंगो युगांडातल्या आमच्या मित्याना गावच्या दवाखान्यातली नर्स. जुळ्यांची आई म्हणून मानानं नालोंगो. हिला तर जुळी दोनदा झाली, आणि हीच बायकांना "पुरे आता" सांगते! मी काही सांगितलं की बायका गुडघे टेकून नमस्कार करतात आणि विसरतात. तिनं सांगितलं की ऐकतात. मला हे पहिल्या दिवसापासून खुपतं.

चाचणीत चाळीस बायका होत्या. तीन दिवस लागोपाठ रक्त घेतलं, तर नऊ जणींच्या रक्तात औषध एक दिवस चढलेलं, दुसऱ्या दिवशी तळाला. शुक्रवारी कंपालाहून समिती यायची होती. "गोळी कच्ची" असा शेरा पडला की सहा वर्षं पाण्यात. मी म्हटलं, यांचं यकृतच औषध लवकर फोडतंय. चार आलेखही काढले.

"छान आहेत हो," नालोंगो म्हणाली. "डोंगर-दरी, डोंगर-दरी. मी जरा त्या नऊंपैकी नालुबेगाकडे जाऊन येते."

"तिच्या घरी यकृत सापडणार आहे का?"

"शिजवलेल्या केळ्यांचं मातोके तर सापडेल!"

संध्याकाळी परतली ती अंगाला चुलीच्या धुराचा वास घेऊन.

"सवतीला देते," म्हणाली.

"काय?"

"गोळी. एक दिवस ही खाते, एक दिवस ती."

"अहो, पण त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत!"

"म्हणूनच तर! नालुबेगा म्हणते, मी थांबायचं आणि तिनं पोरं काढत राहायचं? तिची जास्त झाली की नवरा तिकडे, जमीन तिकडे. थांबायचं तर दोघींनी."

उरलेल्या आठांपैकी सहा जणींची तीच कथा. दोघी नुसत्याच विसरभोळ्या. सवतीमत्सर माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हता.

शुक्रवारी समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षबाईंनी माझे आलेख बाजूला सारले. "हे सवतींचं शोधलं कुणी?"

"आम्ही" अगदी ओठावर आलं होतं. नालोंगो दाराशी चहा ओतत होती. वर पाहिलंसुद्धा नाही तिनं. तेच जास्त झोंबलं.

"नालोंगोनं," मी म्हटलं.

तिला पुढे बसवून तासभर विचारपूस झाली. गोळी वाचली. सवतींनाही विचारायचं, राजी असतील त्यांना स्वतंत्र पाकीट द्यायचं आणि मोजणी पुन्हा करायची, असं ठरलं. यकृताबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

"डॉक्टर, तोंड असं का? घरात सवत आली की काय?" बाहेर पडता पडता तिनं विचारलंच.

मंगळवारी सवतींना विचारायला मीही हट्टानं तिच्याबरोबर गेलो. नालुबेगानं मला अंगणात फणसाखाली घरातली एकुलती एक खुर्ची दिली. नालोंगो आत चटईवर, दोघी सवतींच्या मध्ये. थोड्या वेळानं आतून तिघींचं खो-खो हसणं ऐकू येऊ लागलं.

खुर्ची चांगली होती. मी ती हळूच घराच्या भिंतीकडे सरकवली.