जेवणानंतरची गोळी

शंकर नगरच्या एका पार्लरमध्ये चेतना रामटेकेच्या हाताला नाव होतं. दोऱ्याचं एक टोक दातात, बोटांत पीळ, आणि खुर्चीतली बाई कळवळून काही बोलेपर्यंत भुवई कोरून तयार. मालकीण पायल दीदी बाकीच्या मुलींवर दिवसभर खेकसायची, पण चेतनाच्या खुर्चीपाशी आली की तिचाही आवाज खाली यायचा.

चेतनाला एक आजार होता आणि तो पायलला ठाऊक होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला नसलेली माणसं बोलताना ऐकू येऊ लागली होती. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. आई आधीच गेलेली. मग वडील शामराव, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला भला पण हट्टी माणूस, तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. आवाज गेले, चेतना काम शिकली, आपल्या पायावर उभी राहिली.

मागच्या वर्षी आवाज पुन्हा कुजबुजायला लागले म्हणून गोळीची ताकद वाढवली गेली. आवाज गप्प झाले, पण त्यांच्या जागी हात बोलायला लागले. दोरा धरला की बोटं थरथरत. अंग आखडून जाई, तोंडाला कोरड पडे, वजन वाढलं, आणि बसलं की पाय एका जागी राहीनात. सकाळी तर डोळेच उघडत नसत. एक दिवस एका नवरीच्या आईची भुवई मधोमध तुटली. त्या बाईने पार्लर डोक्यावर घेतलं. पायलने चेतनाला हळूच पाय धुण्याच्या टबाकडे वळवलं. "कुछ दिन हाथ को आराम दो, दीदी," एवढंच ती म्हणाली. चेतना टबापाशी बसून परक्या टाचा घासत राहिली आणि तिला रडू येत राहिलं.

हे सगळं तिने डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण बाहेर ही गर्दी. बाई मान वर करून विचारत, "सब ठीक?" आणि चेतना म्हणे, "हव." तिच्या मनात दुसरंच भय होतं. हात थरथरतो म्हटलं तर आजार वाढला म्हणतील आणि अजून एक गोळी चढवतील. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी तिची गत झाली होती, आणि ती मूग गिळून बसली.

अशात आषाढी पौर्णिमा आली आणि विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला तीन महिन्यांचा व्रतकाळ, सुरू झाला. शामराव विहारातले जुने उपासक. तरुणपणी ते दारू पीत, आणि ती जी सोडली ती पंचशील घेऊनच. त्यामुळे नशेपासून दूर राहायचं पाचवं शील त्यांना जिवापाड प्रिय. लेकीची गोळी त्यांच्या डोळ्यांत आधीपासूनच खुपत होती.

"पोट्टी दुपारलोक डुलत राह्यते," ते म्हणायचे. "हे नशा नाही तं काय हाय?"

त्या वर्षी चेतनाने तिन्ही महिने अष्टशील पाळायचं ठरवलं. पांढरी साडी, साधं राहणं, आणि दुपारी बारानंतर जेवण नाही. स्वतः नटायचं नाही असंही एक शील त्यात आहे. दुसऱ्याच्या टाचा घासायला मात्र त्याची आडकाठी नव्हती.

आता घोटाळा इथे झाला. दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, गोळी रात्री जेवणानंतर. चेतना रात्री जेवतच नव्हती. मग गोळी कशी घेणार? उपाशीपोटी औषध घेऊ नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. शामरावांनीही मान डोलावली, "जेवन नाही तं गोळी नाही. बरोबर हाय." बापलेकीत इतकं एकमत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दोघांनाही निमित्तच हवं होतं.

पहिले काही आठवडे दृष्ट लागावी असे गेले. झोपेची गुंगी उतरली, पाय शांत झाले, हाताची थरथर कमी कमी होत गेली. चेतना पुन्हा दोरा घेऊन खुर्चीमागे उभी राहिली. विहारात बाया म्हणाल्या, शीलाचा प्रताप! शामरावांची छाती दोन बोटं फुगली. नव्या मोटारीची चावी मिळावी तसे ते मिरवत होते.

मग झोप उडाली. पहिल्यांदा पहाटे, मग पार सगळीच. आणि एके दुपारी केस वाळवायच्या यंत्राच्या घरघरीतून कोणीतरी तिचं नाव घेतलं. ती दचकली. पुन्हा घेतलं, आणि वर हसलं. चेतना हातातला दोरा तसाच ठेवून निघून गेली. खुर्चीतली बाई एक भुवई कोरलेली आणि दुसरी रान माजलेली अशी आरशात बघत बसली.

पायलचा फोन आल्यावर शोधत निघालेल्या शामरावांना ती ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीत सापडली, एका देवळाच्या ओट्यावर, अनवाणी. ती कोणाशी तरी भांडत होती आणि समोर कोणीच नव्हतं. शामराव तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि भर रस्त्यात लहान पोरासारखे रडले.

"चाल बाई, दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले. "माह्यं चुकलं."

दवाखान्यात काही दिवस राहावं लागलं. डोकं ताळ्यावर आल्यावर चेतनाने डॉक्टरीणबाईंना सरळ सांगून टाकलं, "मॅडम, रातले मी जेवतच नव्हती. मंग जेवणानंतरची गोळी कशी घेऊ?"

डॉक्टरीणबाईंनी आपलीच जुनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "गलती मेरी भी है. मैंने पूछा ही नहीं कि आप रात को खाती हैं या नहीं." ही गोळी पोट रिकामं असलं तरी चालते, त्यांनी समजावलं, पण मनाने एकदम थांबवली तर आजार दुप्पट जोराने उलटतो.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी "सब ठीक?" असं न विचारता हात पुढे करायला सांगितलं. बोटं पाहिली, मनगट वाकवून पाहिलं, वजन घेतलं, रक्तातली साखर तपासायला लावली. चेतनाने सगळं ओतलं: थरथर, कोरड, बेचैन पाय, सकाळची गुंगी. एकही गोष्ट तिच्या मनाचा खेळ नव्हती. सगळी औषधाचीच करणी होती, आणि त्यावर उपाय होता. तेव्हा चेतनाला इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली. बाईंनी गोळी बदलायला घेतली, जुनी हळूहळू उतरवत आणि नवी हळूहळू चढवत. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठलं तर घरी थांबायचं नाही, धावत यायचं, हेही दोनदा बजावलं. थोडी थरथर कदाचित राहील, असंही त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

शामराव इतका वेळ कोपऱ्यात होते. ते पुढे आले.

"मॅडम, मले वाटे हे नशा हाय. पण नशा मी केली हाय, मले मालूम हाय. नशा भान घालवते. हे गोळी तं माह्या पोरीले भानावर आणून राहिली."

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. तिन्ही महिने शील पाळलेल्यांचा विहारात सत्कार झाला. चेतनाचं नाव त्यात नव्हतं. शामराव उभे राहिले आणि भरल्या सभेत म्हणाले, "माह्या पोरीचं व्रत मी मोडलं. तिची गोळी बंद व्हावी, असं मलेच वाटत होतं. कोणाच्या घरी असं औषध चालू असन तं डॉक्टरले विचारल्याबिगर बंद करू नका. आणि तरास होत असन तं लपवू नका." चेतनाला भुईने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच वेळी बापाचा अभिमानही वाटला.

दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी ती पार्लरमध्ये गेली. कोणतं गिऱ्हाईक आता तिच्या हाती कपाळ देणार? ती टबाकडे वळली तोच पायल दीदी स्वतः खुर्चीत येऊन बसली. सगळ्या शंकर नगरात या बाईइतकं आपल्या भुवयांना जपणारं कोणी नसेल. ती त्या इथे कोणालाच करू देत नसे, सदर बाजारातल्या जुन्या ओळखीच्या बाईकडे जायची.

"पहले मेरी करो," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

बाकीच्या मुलींची कामं थांबली. चेतनाने दोरा दातात धरला. बोटांत बारीकशी थरथर होती. तिने ती थांबायची वाट पाहिली, ती पुरती थांबली नाही, तेव्हा कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवून तिने काम सुरू केलं. पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागला.

पायलने उठून आरसा घेतला. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"दाहिनी मोटी रह गई है. ये क्या काम हुआ? आँख खोलके किया करो, दीदी."

आजारी पडल्यापासून चेतनाला सगळे जपत होते, सांभाळत होते, हळू आवाजात बोलत होते. भुवई तुटली तेव्हाही पार्लरमधल्या कोणी तिच्या कामात खोट काढली नव्हती. तिला हसू आलं, डोळेही भरून आले, आणि ते पायलला दिसू नयेत म्हणून तिने घाईघाईने नवा दोरा तोडला.

"परत बसा," ती म्हणाली. "आणि आता हलू नका."